खोल नव्हे, सावकाश श्वास
लोकलच्या गर्दीत जीव घाबरला तर 'जोरजोरात खोल श्वास घ्या' हा सल्ला उलटा पडतो. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो; मग चक्कर, बोटांना मुंग्या, आणि माणूस आणखीच घाबरतो. श्वास नाकाने, नेहमीएवढाच घ्यावा, ४ आकडे मोजत. सोडताना मात्र ६ मोजत, सावकाश. ६ जमत नसतील तर ५, ओढाताण नको.

आणि 'एवढ्यात काय घाबरायचं' असं स्वतःला दटावू नका. मैत्रिणीला सांगाल तसं सांगा: 'त्रास होतोय खरा, पण ओसरेल.' मध्येच दादरला उतरून जायची सवय लागली की भीती घट्ट होते. छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर. वारंवार होत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.