कार्बन फायबर गुंडाळलं की पूल अमर? नाही हो!

जुन्या पुलाला कार्बन फायबर (कार्बनच्या बारीक धाग्यांची पट्टी) गुंडाळा, सेन्सर लावा, मग तपासणीची कटकटच संपली असं जे फिरतंय ना, ते अर्धंच खरं आहे. फायबर गंजत नाही, ताणात साध्या स्टीलला भारी पडतं हे बरोबर, पण आतली सळई आधीच गंजत असेल तर वरून पट्टी लावून ते थांबत नाही, गंज फुगतो, काँक्रीट तडकतं आणि पट्टीच सुटते, शिवाय ती चिकटवणारं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांना मऊ पडायला लागतं, म्हणजे आग लागली तर बोंबलाच. स्टील निदान ताणलं जाऊन इशारा देतं, फायबर थेट तुटतं. सेन्सर तर जिथे चिकटवलाय तिथलाच ताण सांगणार, तोही तापमानाचा परिणाम वजा केल्यावर. पट्टी सुटलीये का ते आजही बऱ्याचदा हातोडीने टकटक करून, पोकळ आवाज येतोय का हे ऐकूनच बघतात.