पडलीस तर?

आज सकाळपासून डोकं नुसतं तडतडतंय. लिहू का नको करत चारदा मोबाईल खाली ठेवला, शेवटी मशीन बंद करून बसलेच. ज्यांचे ब्लाउज आज मिळणार होते त्यांना उद्या मिळतील, रागवू नका.

काल संध्याकाळी वळीव कसा झोडपून गेला ते बघितलंच सगळ्यांनी. आमच्या कॉलनीत त्यानंतर काय होतं हेही तुम्हाला माहितीय. गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटांची गुंठेवारी वस्ती, काळी माती, अर्धा तास पाऊस झाला की चप्पल हातात घेऊन चालायचं. कोपऱ्यावरच्या गटारीचं पाणी परत दोन घरांत शिरलं म्हणून सकाळी फोटो काढले, झेरॉक्स मारली आणि अर्ज घेऊन गेले. कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही. तिथं एक गृहस्थ खुर्ची ओढून बसलेले. स्वतः निवडून आलेले नाहीत, बायको आलीय. मला बघून म्हणाले, "काय ओ ताई, २०१८ ला पडलात, यंदा तर उभ्याच राहिला नाहीत, मग कशाला ही धावपळ? पडलेल्यांनी जरा विश्रांती घ्यायची असते." सगळे हसले. शिपाई हसला त्याचं काही नाही, त्याला हसावंच लागतं. पण आमच्याच गल्लीतला एक जण तिथं उभा होता, ज्याच्या दारातल्या गटारीचा तो अर्ज होता, तो पण हसला. ते जास्त लागलं.

तिथं काही सुचलं नाही. रिक्षात बसल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

आता जुन्या लोकांना माहितीय, नव्यांसाठी सांगते. २०१८ ला आपल्या सांगलीच्या महापालिकेला मी अपक्ष उभी होते, महिलांसाठी राखीव जागेवर, चिन्ह कपबशी. मतदान १ ऑगस्टला, म्हणजे सगळा प्रचार भर जुलैच्या पावसात. थकबाकी नाही म्हणून दाखला आणा, घरात शौचालय आहे म्हणून दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, सूचक शोधा, तेवढ्यातच निम्मी दमले होते. त्यात प्रभागात चार जागा, म्हणजे एकेका माणसानं चार बटणं दाबायची, अ ब क ड. माझा निम्मा प्रचार ते समजावण्यातच गेला, की माझं बटण वरच्या यादीत नाही ओ मावशी, खालच्या यादीत बघा. तर अशीच भिजलेली पत्रकं घेऊन मागच्या बोळात गेले तेव्हा तिथल्या आजी दारात बसलेल्या. त्यांच्या दारासमोर ड्रेनेजच्या चेंबरला झाकण नव्हतं. भंगारवाल्याला कुणी घातलं देव जाणे. भोकात सुबाभळीची फांदी खोचलेली आणि तिला लाल चिंधी बांधलेली. मी आपलं पाठ केलेलं सगळं बोलले, पाणी, रस्ते, बगीचा. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "निवडून आलीस तर झाकण बसवशील. पडलीस तर?"

मी हसून "बघू की आजी" म्हणून पुढच्या दाराला गेले. खरं सांगते, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पडल्यावर काय करायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

४११ मतं पडली. डिपॉझिट गेलं. नवऱ्यानं एक शब्द काढला नाही हे त्याचं मोठेपण. पण तीन आठवडे मी भाजी आणायलासुद्धा बाहेर पडले नाही, हे माझं लहानपण, आज कबूल करते. म्हणजे त्या गृहस्थांनी सांगितलेली विश्रांती मी घेतलेली आहे बरं का. मग एके दिवशी आजी काठी टेकत आल्या. मला वाटलं सांत्वन करतील. निवडणुकीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "लाल कापडाचा तुकडा दे गं एखादा, चेंबरावरची चिंधी पांढरी पडलीय, रात्री दिसत नाही."

दिला. आणि दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला.

ते झाकण बसायला सात महिने लागले. अर्ज घेतला की त्यावर पडणारा आवक नंबर काय असतो, जेई (ज्युनिअर इंजिनिअर) म्हणजे कोण, मुकादमाला किती वाजता गाठायचं, स्मरणपत्रावर जुना आवक नंबर लिहिला नाही तर ते नवीन अर्ज म्हणून ढिगाच्या तळाला जातं, हे सगळं मला त्या एका झाकणानं शिकवलं. आणि बसवलं तेसुद्धा मापाचं नव्हतं. अजून गाडी गेली की खडखड वाजतं. आजी म्हणायच्या वाजू दे, गाडी आलेली कळते.

आता राग कशाचा येतो सांगू? आपल्या महापालिकेत ७८ जागा. उभे किती राहतात? शेकड्यांनी. यातला प्रत्येक माणूस पंधरा-वीस दिवस गल्लीबोळ तुडवतो. कुठल्या घराला पाणी चढत नाही, कुठल्या खांबावर दिवा नाही, कुठं गटारीला उतारच नाही, सगळं त्याला कळतं, न विचारता कळतं, कारण लोक पत्रक घ्यायच्या आधी तक्रारच सांगतात. आणि यंदा, २०२६ ला, १६ जानेवारीला निकाल लागला, १७ ला ही सगळी माणसं फ्लेक्ससकट गायब! एवढी माहिती गेली कुठं? घरी बसली. निवडून आलेल्यांचं म्हणाल तर चार जण असतात, एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो, आणि ज्या बाईला निवडून दिलं तिला गाठायचं तर आधी तिच्या मिस्टरांना गाठावं लागतं. याच्यासाठी मिळालं का बायकांना पन्नास टक्के आरक्षण? (मिस्टर फोन उचलतात, हे मात्र खरं. आणि रात्री दोनला कुणाच्या घरात भांडण झालं तरी फोन नगरसेवकालाच जातो, मला नाही, तेही मान्य.)

आणि हक्काचं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ ला निवडून आलेल्यांची मुदत संपली. तिथून यंदाच्या जानेवारीपर्यंत एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होते. माझी लेक एमपीएससीचा अभ्यास करते, तिच्या पुस्तकात ७४ वी घटनादुरुस्ती आहे, मुदत पाच वर्षं, निवडणूक मुदत संपायच्या आत. पुस्तकात आहे. इथं जवळजवळ अडीच वर्षं गेली, शेवटी सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. त्या अडीच वर्षांत अर्ज कोण देत होतं? कुठल्या हक्कानं देत होतं? तेव्हा नाही कुणी म्हणालं, ताई विश्रांती घ्या. तेव्हा सगळ्यांना ताईंचा नंबर पाठ होता!

आणि गटारी, नाले ही काय पाच वर्षांत संपणारी कामं आहेत का? शेरी नाल्याचं, म्हणजे शहरातलं सांडपाणी कृष्णेत जातंय हे मी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हापासून ऐकतेय. लेक एमपीएससीला बसली तरी विषय तोच.

थांबा, पाणी पिऊन येते.

हां. २०१९ चं सांगायचं राहिलं. निवडणुकीला एक वर्ष झालं होतं. ऑगस्टमध्ये कृष्णा अशी फुगली की आयर्विन पुलाला ४५ फुटांवर धोक्याची पातळी आणि पाणी ५७ फुटांच्या वर. आमच्या कॉलनीत बोट आली तेव्हा पोरांनी विचारलं, आत कुठल्या घरात माणसं अडकलीत, कुणाला आधी काढायचं? कुणाला काही सांगता येईना, लाईट नाही, मोबाईल बंद पडलेले. मला एकदम आठवलं. माझी प्रचाराची मतदार यादी! माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत होती. तिच्यावर मी पेन्सिलनं खुणा केल्या होत्या, मतासाठीच केल्या होत्या, खोटं कशाला बोलू. "आजोबा अंथरुणावर, रिक्षा पाठवणे." "बाळंतीण." "दोघंच म्हातारी, मुलगा पुण्याला." एका वर्षात बाळंतिणीचं बाळ चालायला लागलं होतं, पण बाकीचं जुळलं. त्या यादीवरून बोट फिरली. आजोबांना गादीसकट उतरवलं. आणि मागच्या बोळातल्या आजी, त्यांच्या दारातलं चेंबर पाण्याखाली कुठं आहे हे पोरांना दिसणार नाही म्हणून आत बसून ओरडत होत्या, "डावीकडनं या रे, डावीकडनं!" स्वतः बुडायला आल्या होत्या आणि लक्ष झाकणाकडं.

ते आठवलं की त्या गृहस्थांवरचा राग जरा कमी होतो. त्यांना काय माहिती. पुराच्या वेळी ते आमच्या भागात राहायला नव्हतेच.

बरेच जण विचारतात म्हणून लिहिते, यंदा का उभी राहिले नाही. पैसे नव्हते. दुसरं कारण नाही. मागच्या वेळच्या पत्रकांचं आणि स्पीकरच्या रिक्षाचं देणं फेडायला दीड वर्षं गेलं, किती फॉल-पिको झाले असतील हिशोब करा. पुढच्या वेळी राहीन का, माहिती नाही. राहिले तर परत पडेनच बहुतेक, आणि वाईटही वाटेल. वाईट वाटत नाही म्हणणारे खोटं बोलतात.

आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. घर त्यांच्या मुलानं भाड्यानं दिलंय. भाडेकरू परवा विचारत होता, ताई, ते झाकण फार वाजतंय, बदलून घेता येईल का. मी म्हटलं अर्ज कर, नमुना देते.

असो. आजचा अर्ज साहेब जागेवर नाहीत म्हणून घेतला नाही, म्हणजे फोटो, झेरॉक्स सगळं माझ्या पिशवीतच आहे. उद्या अकराला परत जाणार आहे. ज्या दोन घरांत पाणी शिरलं त्यांनी सही करायला दहापर्यंत माझ्याकडं या. जो हसला त्यानं पण ये, तुझ्याच दारातली गटार आहे, मी काही बोलणार नाही. आवक नंबर पडला की खाली कमेंटमध्ये टाकते. ब्लाउजवाल्यांनी दुपारी तीननंतर.