पेरूवाले सर

आज सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो तर काकांनी माप बाजूला ठेवून विचारलं, "सर, पेरू काय भावानं देले मंग?" म्हणजे व्हिडिओ गावात पोचला. रविवारची गोष्ट, आज मंगळवार, आणि आमच्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी येते.

तर झालं असं, की शनिवारी रात्री कारंज्याकडच्या आमच्या गावातून कॉलेजची दौलताबादची सहल निघाली. दरवर्षी सहल आली की आमच्या पर्मनंट सरांच्या घरी लग्न निघते, यंदा साळीच्या नणंदेचं होतं. मग उरलो मी, तासिका तत्त्वावरचा, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, इतिहासवाला. सोबत एक मॅडम, ज्यांनी उलटीची गोळी घेतली होती आणि त्या शेलूबाजारपासून झोपल्या ते झोपल्याच. समृद्धीचा टोल कोण भरेल म्हणून ड्रायव्हरनं मेहकर, सिंदखेडराजा, जालना असं जुन्या रोडनं हाणलं, हाडं सगळी मोजून झाली.

किल्ल्याबद्दल मी रात्रभर टिपणं काढली होती. यादवांची देवगिरी, मग 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली, वगैरे. पोरं मेंढा तोफेवर रिल्स काढण्यात गुंग. अंधारी नावाचा भुयारी रस्ता आहे, शत्रूला काळोखात चकवायसाठी खोदलेला, तिथं 42 पोरांनी एकदम मोबाईलचे टॉर्च लावले. वटवाघळंच तेवढी चकली.

उतरताना मोजणीत एक पोरगं कमी भरलं. मी परत वर, चिनी महालापर्यंत. पोरगं बसमध्ये मागच्या सीटवर झोपलेलं निघालं, बेचाळीस भरले, बस वेरूळला गेली. सर मोजायचे असतात हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझा मोबाईल ड्रायव्हरच्या चार्जरला. त्याच चिनी महालात औरंगजेबानं गोवळकोंड्याच्या तानाशहाला कैदेत ठेवलं होतं, पण त्याला निदान पहारेकरी तरी रोज मोजत असतील.

गेटबाहेर एक आजी टोपल्यात पेरू घेऊन बसली होती. मी तीनदा रोडवर जाऊन आलो तेव्हा म्हणाली, "इसरून गेले व्हय?"

म्हटलं, "येतील."

"मास्तर हाय का? परमनंट?"

आता बघा, या बाईला माझं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण नेमकं हेच विचारायचं होतं. मुलगी पाहायला जा, बँकेत जा, सलूनमध्ये बसा, हाच प्रश्न. विषय बदलावा म्हणून मी तिला तुघलक सांगायला लागलो, की दिल्लीहून राजधानी इथं आणली, मानसं आणली, काही वर्षांनी परत दिल्लीला नेली.

आजी पेरू पुसत होती. "भाडं कुनी भरलं?"

"काय?"

"दिल्लीहून इथवर. जायायचं आन् यायायचं. भाडं?"

प्राध्यापकीची सेट परीक्षा पास होऊन सहा वर्षं झाली, हा प्रश्न मला कुठल्याच पेपरात आला नव्हता.

"राजानंच काहीतरी दिलं असेल," मी म्हटलं.

"दिलं आसंल म्हंजे? तुमी पायलं का?" मग स्वतःच म्हणाली, "नसंल दिलं. बरं, बस इथं, मी पानी पिऊन येते. ईसला तीन. मीठ-तिखट मागितलं तरच दे."

आणि गेली! मी पोत्यावर. तेवढ्यात एक कुटुंब आलं, बाई मला म्हणे, "दादा, दौलताबादचेच आहेत ना हे?" माझ्या तोंडून निघालं, "1327 पासून." तिनं हसून सहा घेतले. नंतर एकानं वीसला चार मागितले, तर मी त्याच्याशी असा भांडलो की जसं काही बाग माझ्या बापाची आहे.

तिकडे वेरूळच्या पार्किंगमध्ये आईचा फोन आला, तो ड्रायव्हरनं उचलला, तेव्हा कुठं सर नाहीत हे कळलं. बस वळली ती नेमकी मी पेरूला मीठ चोळत असताना, आणि खिडकी-खिडकीतून मोबाईल बाहेर. मॅडम जाग्या झाल्या, म्हणाल्या, "आलं का दौलताबाद?"

आजीनं पैसे मोजले, त्यातले वीस माझ्या हातात ठेवले. नको नको म्हटलं तर रागावली, "कष्टाचे हायेत. लगेच घ्यावं मानसानं, उद्या कोन देतं?"

हे मला लागलं, खरं सांगतो. मागच्या सत्राचं बिल अजून फिरून रायलं, कधी सही नाही, कधी ग्रँट नाही. तुघलकाला सगळे येडा म्हणतात, पण त्यानं तांब्या-पितळेची का होईना, नाणी तरी दिली होती, आणि ती फसली तेव्हा बदल्यात चांदीही मोजली.

दुपारी कॉलेजात गेलो. सहलीचा दिवस बिलात धरता का, म्हणून क्लर्कला विचारलं. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "तास घेतला नाही ना सर, मंग कसा धरू?" मोबाईलमध्ये मीच होतो, मीठ चोळताना. मग त्यानं चष्मा वर केला.

"पेरूचे किती भेटले?"

"वीस," मी म्हटलं. "रोख."