वाचलो की बे!

तुम्ही सोलापुरात गाडी चालवता आणि अजून धडधाकट आहात, म्हणजे तुम्ही उत्तमच चालवता. याला आणखी पुरावा कशाला? आसरा चौकात रिक्षा न सांगता वळली, मार्केट यार्डासमोर ट्रकच्या आडून मोपेड निघाली, शांती चौकात कुत्रं आडवं आलं. तिन्ही वेळा काही झालं नाही. ते तुमच्या हातातल्या कसबामुळं. त्या मोपेडवालीनं तुमच्या आधी ब्रेक दाबला होता, ही क्षुल्लक बाब आहे. मनावर घेऊ नका.

थोडक्यात वाचणं ही आपल्याकडं मोठी गोष्ट आहे, पण वाचल्यावर काय करायचं याचं रीतसर शिक्षण कुणी देत नाही. म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी ओरडायचं. छाती धडधडत असताना, गाडी अजून तिरकी उभी असताना, पहिला आवाज आपला निघाला पाहिजे. ‘दिसत नाही का बे?’ यावर समोरचा ‘तू बघून चालव की बे!’ म्हणणारच. मग ज्याचा आवाज मोठा त्याची बाजू खरी. मराठीत हरत असाल तर तेलुगूत जा, तिथंही जमेना तर कन्नडमध्ये. या गावात भांडायला भाषांची टंचाई नाही. मात्र एक पथ्य पाळा. ओरडताना मागं वळून, आपण नेमके कुठून आलो, किती जोरात आलो, याकडं अजिबात बघायचं नाही. चूक कुणाची हे एकदा ठरलं की डोकं शांत होतं आणि पुढच्या चौकात आपण पुन्हा त्याच वेगानं शिरू शकतो.

मग सांगायचं. टपरीवर चहा येईपर्यंत दोन बोटांत अंतर धरून दाखवायचं : ‘एवढंसंच राहिलं होतं बघ.’ या अंतराकडं अभ्यासकांचं दुर्लक्ष झालेलं आहे. दिवाळीत घडलेला प्रसंग तेव्हा हातभर असतो, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तोच वीतभर होतो आणि शिवजयंतीपर्यंत केसभर उरतो. वेग मात्र याच काळात चाळीसवरून ऐंशीवर गेलेला असतो. ऐकणाऱ्यांनी ‘नशीब’ म्हणायचं, आपण मान हलवायची. ‘पण तू त्याला बघितलंस कधी?’ असं विचारणारा मित्र असेल तर त्याला पुढच्या वेळी चहाला बोलावू नका.

त्यानंतर श्रेय देवाला. याबाबतीत सोलापूरकरासारखा भाग्यवान कुणी नाही, कारण इथून निघणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता कुठल्या ना कुठल्या देवाकडं जातो. तुळजापूर रोडवर वाचलात तर भवानी, अक्कलकोट रोडवर स्वामी, मंगळवेढ्याच्या बाजूला गेलात तर विठोबा, आणि गावात वाचलात तर सिद्धरामेश्वर आहेतच. विजापूर रोडला जरा विचार करावा लागतो, पण तिकडं हत्तरसंग कुडलचा संगमेश्वर आहे, चालून जातं. नारळ फोडला की हिशेब मिटला. देवानं वाचवलं म्हटल्यावर आपण काय बघायला हवं होतं हा प्रश्नच उरत नाही.

आणि हा प्रश्न उरता कामा नये, हीच सगळ्यात मोठी खबरदारी आहे. ‘हे मला दोन सेकंद आधी दिसलं असतं का?’ असा किडा एकदा डोक्यात शिरला की सुखानं गाडी चालवणं संपलं. जगात काही लोकांनी स्वतःचं असं नुकसान करून घेतलं आहे. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिखनं १९३१ साली कारखान्यांतल्या अपघातांवर पुस्तक लिहिलं आणि मांडलं की एका गंभीर इजेमागं २९ किरकोळ इजा असतात आणि ३०० वेळा तर कुणाला काहीच न होता निभावलेलं असतं. आकड्यांवर पुढं बरीच टीका झाली, पण त्या ३०० वेळांकडं बघायची खोड लोकांना लागली ती लागलीच. १९७६ पासून तिकडं वैमानिक थोडक्यात निभावलेले प्रसंग गुपचूप लिहून ‘नासा’कडं पाठवतात, का तर दुसऱ्याला त्यातून कळावं. विचार करा. विमानांची टक्कर हुकली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि माणूस शिव्या द्यायच्या सोडून कागद भरतोय.

आपल्याकडं ती भानगड नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. थोडक्यात हुकलेल्यांची मोजदाद कुठंच नाही. पंचनामा नाही, विम्याचा अर्ज नाही. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, हे सरकारी तत्त्व तुम्ही स्वतःलाही लावा.

आता प्रत्यक्ष रस्त्याचं बघू. उसाची ट्रॉली घ्या. हा विषय आपल्या जिल्ह्याचा आहे आणि त्यावर घाईनं बोलणं बरं नाही.

दिवाळी उलटली की ट्रॅक्टर निघतात. मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्या चारी अंगांनी बाहेर लोंबणारा ऊस, त्याखाली झाकलेला रिफ्लेक्टर, तोही असला तर. ट्रॅक्टरवर स्पीकर असतो, मागं दिवा नसतो. अशी ट्रॉली रात्री अकराला मंद्रूपच्या अलीकडं पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात उभी आहे. तुम्ही ८० च्या वेगानं येताय, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी काळं आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर २२ मीटर नुसते वाहून गेले. त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५-४० मीटर. आणि डिपरचा उजेड त्याच्या जेमतेम आसपास पोचतो. वेग दुप्पट केला तर ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकवतात, पण मार्कांपुरतंच.

ट्रॉली दिसत नाही, इथवर ठीक. पण ती दिसायच्या आधी तिच्या खुणा दिसत असतात, तेव्हा त्या टाळायला शिकलं पाहिजे. रस्त्यावर उसाची कांडकी, पाचट पडलेलं दिसलं तर कुणी मूर्ख म्हणेल की पुढं ट्रॉली असणार, जरा पाय उचलावा. तुम्ही म्हणा, ऊस पडलाय. समोरून येणाऱ्या गाडीचा एक दिवा क्षणभर झाकला गेला आणि पुन्हा उघडला, म्हणजे तिच्या आणि तुमच्या मध्ये काहीतरी आहे, असा अर्थ लावणारे लोकही आहेत. तुम्ही तो दिवा मिचकावला असं समजा आणि अप्पर मारून उत्तर द्या. लांबून गाणं ऐकू आलं तर आवाज वाढवा, तुमच्या गाडीतला. चाकाखालचे दगड तर खासच. ड्रायव्हर पंक्चर काढतो, ट्रॉली घेऊन कारखान्याला जातो आणि दगड रस्त्यावर ठेवून जातो, मागून येणाऱ्यांना आठवण म्हणून. दगड दिसला की पुढंही असतील असं धरून चालणारा माणूस रात्रभर ५० नंच येणार. त्याला पोचायला उशीर होतो.

गावातल्या खुणा याहून बारीक. उभ्या रिक्षाचं पुढचं चाक तिरकं झालं, म्हणजे ती आता निघणार. इंडिकेटर लागो न लागो, चाक खोटं बोलत नाही. उभ्या कारच्या आरशात माणसाचं डोकं दिसलं, म्हणजे दार उघडू शकतं. सिटी बस थांबली, तर तिच्या पुढून कुणीतरी डब्याची पिशवी घेऊन पळत येणार, कारण पलीकडं दुसरी बस लागलेली असते. गल्लीतून चेंडू आला तर त्यामागं कोण येतं हे सांगायला नको. या सगळ्या गोष्टी रस्ता फुकटात सांगत असतो आणि तुमचं लक्ष पुढच्या बुलेटच्या नंबर प्लेटवरचं ‘दादा’ वाचण्यात असतं. ते तसंच राहू द्या.

सूर्याचंही असंच. संध्याकाळी हैदराबाद रोडनं गावात येताना तो थेट डोळ्यांत येतो. अशा वेळी काच पुसून, वेग कमी करून चालवणारे भित्रे. तुम्हाला दिसत नाही ना? मग समोर काही नाही.

आरसे काढून टाका हे मी सांगायची गरज नाही, तुम्ही ते शोरूममधून आणतानाच दुमडलेत. हेल्मेट कोपरात अडकवलंय तेही छान. पडलात तर कोपर वाचेल.

ब्रिटनमध्ये २००२ च्या नोव्हेंबरपासून लायसन्सच्या परीक्षेत एक अघोरी प्रकार सुरू झाला. उमेदवाराला रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात. धोका तयार होतोय असं वाटलं की बटण दाबायचं. जितक्या लवकर दाबाल तितके गुण जास्त, धोका अंगावर आल्यावर दाबलं तर शून्य. कारवाल्याला ७५ पैकी ४४ लागतात. म्हणजे गाडी कशी थांबवता हे नाही, कधी कळलं हे तपासतात. आपल्या परीक्षेत दुचाकीवरून पाय न टेकवता आठचा आकडा काढला की झालं. त्याचा सरावही वाया जात नाही. सात रस्त्याला सातही बाजूंनी गाड्या आल्या की आठ काढल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही.

ही ब्रिटनची परीक्षा आपल्याकडं आणली तर पोरं पास होतील, मोठी माणसं नापास. याची झलक रोज घराघरांत मिळते. मागं बसलेल्या बाईला खांद्यावरून सगळं दिसत असतं. ‘अहो, बस थांबली बघा,’ ती म्हणते. यावर ‘तू चालवतेस का मी?’ हे उत्तर तयार ठेवा. ती गप्प बसेल, पण पुढं टाकीवर बसलेलं पोर गप्प बसत नाही. त्याला मोबाइल नाही, घाई नाही, आणि आपण उत्तम चालवतो असा गैरसमजही नाही, त्यामुळं त्याला रस्ता दिसतो. ‘पप्पा, त्या काकाचं लक्ष नाही.’ ‘पप्पा, म्हैस उठायली.’ लहान वयातली ही सवय वेळीच मोडली पाहिजे. त्याला ठणकावून सांगा की लायसन्स कुणाकडं आहे.