जुनं मशीन भंगारात घालायच्या आधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘विंडोज १० बंद पडलं, जुनं मशीन भंगारात घाला. लिनक्स टाकायचंच तर काली टाका, ते सगळ्यात सेफ. पण त्यात मराठी-कन्नड टाइप होत नाही आणि प्रिंटर चालत नाही.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, काली हा तिचा एक प्रकार. मेसेजमधलं शेवटचं तेवढं अर्धंमुर्धं खरं.

विंडोज १० बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले, एवढंच. नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतातही. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं, म्हणून चांगली चालणारी मशीनंही नापास होतात. अशा मशीनवर लिनक्स मिंट हा प्रकार टाका: चार जीबी रॅम असेल तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, आठ असेल तर सिनॅमन. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फेडोरा हा प्रकारही उत्तम, पण त्याची एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने चालते. घरच्या मशीनवर दरवर्षी तो उपद्व्याप कोण करणार? आणि हो, आधी जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, बदलून पडत नाही एवढा फरक त्यानं पडतो.

कालीचं खूळ इंजिनिअरिंगच्या पोरांचं. नेटवर्कमधली भोकं शोधणाऱ्यांचं ते हत्यार. नवख्यांनी रोजच्या वापराला घेऊ नये, असं कालीवालेच सांगतात.

टायपिंगचा मुद्दा मात्र खास आपल्याकडचा. कचेरीत अर्ज कन्नडमध्ये, मंडळाची नोटीस मराठीत. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट जोडायला गेलात की कन्नड आणि मराठी, दोन्हींचा ‘कगप फोनेटिक’ यादीत असतो. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, कन्नड टायपिंगचं ‘नुडी’ सॉफ्टवेअर काढणारी. त्यामुळे नुडीवर हात बसलेल्याला मराठीसाठी वेगळं काही घोकायला नको: ‘के’ दाबलं की दोन्हीकडे क, जोडाक्षराला ‘एफ’. इनस्क्रिप्ट हा सरकारी लेआउटही आहे. सगळं युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारं. गाडी अडते ती श्रीलिपी (डीटीपीचं फॉन्ट-सॉफ्टवेअर) किंवा नुडीतल्या युनिकोडपूर्व जुन्या फायलींवर. कोरलड्रॉवर लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले आणि दिवसभर टॅलीत बसणारे अकाउंटंट यांनी विंडोजच ठेवावं. त्यांच्या गळ्यात लिनक्स मारणं हा आपला आगाऊपणा.

राहिला प्रिंटर. एचपीचे बहुतेक चालतात. लेसरजेट १०२० सारख्यांना एक जादा प्लगइन लागतं. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कंपनीच्या स्वतःच्या ‘कॅप्ट’ पद्धतीवर चालतो आणि त्याचा ड्रायव्हर बसवताना घाम फुटतो. तो घरात असेल तर माहीतगार माणूस शेजारी असल्याशिवाय सुरुवात करू नका. बाकीच्यांनी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवावं. डिस्कला हात लागत नाही, आणि वायफाय, आवाज, प्रिंट सगळं तपासून होतं. सगळं नीट चाललं तर आधी फोटो-कागदपत्रांची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या, मगच इन्स्टॉल दाबा.