आठवीतल्या मुली मैदानावरून कुठे जातात?

शेजारच्या वहिनींनी परवा सांगितलं, "हिचं खो-खो बंद केलं. आठवीत गेली ना, क्लासची वेळ तीच आहे." मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तेव्हापासून तिचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, आपले दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या रात्री वहिनींच्या स्टेटसलाही फोटो होता. त्यांचा आनंद खराच होता. पण कौतुक दुसऱ्याच्या मुलीचं, आणि आपल्या मुलीला मात्र क्लास.

खेळाचं मोल आपण नेहमी दुसऱ्या कशात तरी मोजतो. दहावीला वाढीव गुण मिळतील का? नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणात बसेल का? या सवलती हव्यातच. धाराशिवच्या सारिका काळेला घरच्या हलाखीतून खो-खोनंच वर काढलं. 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार, शिवाय क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी. पण सारिका होणार नाहीत अशा हजारो मुलींचं काय? त्यांनी खेळायचंच नाही का?

मी जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाही. प्रमाणपत्रं कुठे आहेत तेही आठवत नाही. आठवते ती पाटी, खो-खोच्या मैदानावर आखलेला तो पट्टा. आठ जणी ओळीत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे. नववी मागून धावत येते, ती दिसत नाही. पाठीवर हात पडून "खो" ऐकू येईपर्यंत उठायचं नाही, आधी उठलं की फाउल. हात पडला की मात्र विचार करायला वेळच नाही, सुटायचं.

माझ्या पुढच्या चौकोनात बसायची ती मुलगी, जिच्या घरी पाणी पिऊ नकोस असं आजीनं मला बजावलं होतं. रोज संध्याकाळी मी तिच्या पाठीवर हात ठेवायचे, ती माझ्या. घामानं भिजलेल्या, मातीनं माखलेल्या पाठी. एका स्पर्धेत तिनं आणलेल्या बाटलीतलं पाणी मी प्यायले आणि घरी येऊन आजीला सांगितलं. दोन दिवस अबोला होता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समतेवर धडा होता, पण मला समता कळली ती त्या पाटीवर.

नववीत माझंही खेळणं थांबलं. "चड्डी घालून गावासमोर पळायचं वय राहिलं का आता?" मैदानाजवळ कपडे बदलायला आडोसा नव्हता, पाळीच्या दिवसांत जायचं कुठे हा प्रश्न होता, आणि शाळेत खेळाचा तास गणिताला जायचा. सरांना विचारायचीही हिंमत झाली नाही. आजही शाळांच्या मैदानावर लग्नाचे मांडव आणि गाड्या दिसतात, तेव्हा जीव तुटतो.

रात्री वहिनींकडे जाऊन आले. क्लास सातला ठेवता येतो, बाईंशी मी बोलेन म्हटलं. संध्याकाळी मैदानावर सोबत म्हणून मी थांबेन. वहिनी अजून हो म्हणालेल्या नाहीत.

रविवारी सकाळी आम्ही चौघी जणी शाळेच्या मैदानावर फक्की मारून पाटी आखणार आहोत. ज्यांच्या मुली सहावी ते दहावीत आहेत, त्यांनी त्यांना घेऊन या. आणि आयांनो, तुम्हीही बूट घालून या.