टँगो म्हणे सगळा सारखाच!

परवा गाडीत टँगो लावला होता तर मागून मित्राचा आवाज, "अरे किती वेळ तेच गाणं चालू ठेवणारेस?" आता गाणं तेच होतं हे खरं, ला कुम्परसिता, पण आधी ह्वान दारिएन्सोच्या ऑर्केस्ट्राचं १९३७चं रेकॉर्डिंग वाजून गेलं होतं आणि मग कार्लोस दि सार्लीचं १९५५चं चालू होतं, म्हणजे एक जिना धडाधड उतरणारा आणि दुसरा कठड्यावर हात फिरवत सावकाश येणारा. सारखं कसं वाटतं राव?

अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या या जुन्या ऑर्केस्ट्रांना 'ओर्केस्ता तीपिका' म्हणतात. बँडोनियन, व्हायोलिन, पियानो, डबल बास आणि असला तर गायक. टँगोला ड्रम सहसा नसतोच. मग ठेका कोण देतं? सगळेच देतात! पियानोचा डावा हात, खाली बास, बँडोनियनवाले मांडीवरच्या भात्याला झटका देतात, आणि व्हायोलिनवाला मध्येच घोडीच्या (तारा टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागच्या बाजूला, जिथे एरवी कोणी वाजवत नाही तिथे, बो करकर घासतो. त्याला नावच 'चिचार्रा' आहे, झाडावर किर्रर्र करणाऱ्या किड्याचं.

(बँडोनियन आपल्या पेटीचा लांबचा नातेवाईक, भाता आणि रीड दोन्हीकडे. फक्त भाता उघडताना एक सूर आणि मिटताना त्याच बटणावर बहुतेक वेळा दुसराच. वाजवणाऱ्यांना दंडवत.)

आता याच वाद्यांवर पुग्लिएसेच्या ऑर्केस्ट्राचं १९४६चं ला युम्बा ऐका. 'युम'ला सगळे मिळून असे दाबतात की स्पीकर जमिनीत जाईल वाटतं, आणि 'बा'ला नुसतं सोडून देतात. आणि हे ऑर्केस्ट्रावाले त्याच रात्री तीन मात्रांचा वॉल्ट्झ वाजवणार, मग टँगोची उड्या मारणारी बहीण, मिलोंगा. एन्रिके रोद्रिगेसचा ऑर्केस्ट्रा तर फॉक्सट्रॉट, पोल्का असले टँगो नसलेले नाचही, काहीच सोडायचा नाही.

माझा खरा राग 'पियाझोलाने टँगो बदलला, त्याच्या आधी सगळं साधंसुधं होतं' म्हणणाऱ्यांवर आहे. अहो, तो स्वतः त्रोइलोच्या ऑर्केस्ट्रात बँडोनियन वाजवत होता, अरेंजमेंट लिहित होता, आणि त्रोइलो खोडरबर घेऊन त्यातलं खोडत बसायचा, कारण समोर लोकांना नाचायचं असायचं. बरोबरच होतं त्याचं.

असो. शेवटी मित्राला रोद्रिगेसचा एक फॉक्सट्रॉट लावून दिला.

तर म्हणे, "हां, आता कसा टँगो वाटतोय!"